आजीचा इंटरव्ह्यू

नऊ वर्षांच्या नोकरीत मी अकरा इंटरव्ह्यू दिले आणि अकराही ठिकाणी थापा मारल्या. मोठ्या नाही हो, बारक्याच. ‘तुमचा वीकनेस काय?’ ‘सर, मी जरा परफेक्शनिस्ट आहे.’ तुम्हीही हेच सांगितलेलं असणार, उगाच साळसूद चेहरा करू नका! त्यामुळे गेल्या वर्षी ताईचा फोन आला, ‘शनिवारी इंटरव्ह्यू आहे, गाडी घेऊन येशील?’ तेव्हा मी सवयीने विचारलं, ‘पॅकेज काय देतायत?’

इंटरव्ह्यू ताईचाच होता, पण भाचेबुवांसाठी. साडेतीन वर्षांचे झाले तरी महाशय बोलत नव्हते. चार-पाच शब्द, तेही मनात आलं तर. हाक मारली की वळायचं नाही, पण शेजारच्या खोलीत वेफर्सचं पाकीट फोडलं की हजर. कान तपासून झाले, कान ठणठणीत. मग मुलांच्या डॉक्टरांनी एका मानसतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं आणि चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला. ऑटिझम. पुढे प्रश्नचिन्ह.

आम्हाला वाटलं, रक्त घेतील, स्कॅन काढतील, संध्याकाळी रिपोर्ट. पण ऑटिझम आहे की नाही हे सांगणारी रक्ततपासणी नाही, तसा स्कॅनही नाही. मूल कसं वागतं ते बघायचं आणि आजवर कसं वागत आलं ते घरच्यांना विचारायचं, निदान या दोन पायांवर उभं राहतं. तासाभरात मॅडमना दिसून दिसून किती दिसणार? आधीची साडेतीन वर्षं घरच्यांच्याच डोक्यात असतात.

ताई प्रोजेक्ट मॅनेजर. रात्री जागून तिने एक्सेल शीट केली. एका कॉलममध्ये ‘बोट दाखवणे’, ‘टाटा करणे’, ‘चमच्याने खाणे’, दुसऱ्यात हिरवा किंवा लाल रंग. हिरवा जरा सढळ हाताने. जिजूंचं गाडीत कोचिंग चालू होतं, ‘आपणहून निगेटिव्ह काही बोलू नकोस. मीही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतो, ते सांग.’ अगदी एचआर राऊंड! भाचेबुवा मला सोडायला तयार नव्हते, म्हणून मलाही आत बसायला मिळालं.

मॅडमनी शीट ठेवून घेतली, पण उघडली नाही.

‘बोट दाखवतो का?’ त्यांनी विचारलं.

‘हो, दाखवतो ना!’

‘शेवटचं कधी दाखवलं? काय झालं होतं?’

ताई अडखळली. ‘परवा... खाऊच्या डब्याकडे.’

‘आणि विमान दिसलं, कुत्रा दिसला, तर? तुम्हाला दाखवायला बोट करतो? मग तुमच्या तोंडाकडे वळून बघतो, आई बघतेय का म्हणून?’

ताईने जिजूंकडे बघितलं. जिजूंनी खिडकीकडे.

मला तोवर वाटायचं, बोट म्हणजे बोट. तसं नाही. ‘मला दे’ म्हणून केलेलं बोट वेगळं आणि ‘तूपण बघ ना’ म्हणून केलेलं वेगळं. हे दुसरं बोट साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आसपास यायला लागतं. त्यात मुलाला हवं काहीच नसतं, फक्त आपली मजा दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायची असते. तेच जर दिसत नसेल, तर तज्ज्ञांचे कान टवकारतात. ताईच्या शीटमध्ये दोघांना मिळून एकच हिरवा चौकोन होता.

म्हणूनच ही मंडळी हो-नाही विचारून थांबत नाहीत. या प्रकारातली जगभर वापरली जाणारी मुलाखत म्हणजे एडीआय-आर, १९९४ ची. त्यात ९३ मुद्दे आणि दीड ते अडीच तास. तुम्ही प्रसंग सांगायचा, त्याला किती अंक द्यायचे ते मुलाखत घेणारा ठरवतो. आपल्याकडे सरकारी दाखल्यासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५. तिथेही मुलाचं निरीक्षण आणि पालकांची मुलाखत दोन्ही लागतं. आपण मात्र अप्रेझलला बसल्यासारखे बसतो, पोराचं रेटिंग घसरू नये म्हणून.

मॅडम तारखाही विचारत नव्हत्या. ‘तो दोन वर्षांचा असताना’ म्हटलं की कुणाला आठवतंय? त्या विचारायच्या, ‘त्या वर्षी गणपतीत काय करायचा? कुणाच्या लग्नाला गेला होतात का? तिथे?’ गणपती म्हटल्यावर ताईला आरास आठवली, पाहुणे आठवले, मोदक आठवले. पण पोरगा? ‘आईला विचारावं लागेल.’ दुपारी एकटा असताना काय खेळतो? ‘आईला विचारावं लागेल.’ पडला, लागलं, तर कुणाकडे जातो? पुन्हा तेच. ताई सकाळी आठला हिंजवडीला जायला निघते, घरी यायला आठ. दिवसभर पोरगा आमच्या आईकडे. सहाव्यांदा ‘आईला’ म्हटल्यावर मॅडमनी शांतपणे फाईल मिटली. ‘पुढच्या शनिवारी आजींनाही आणा.’

पार्किंगमध्ये ताई रडली. पोराला काय झालंय म्हणून नाही. ‘माझ्याच मुलाच्या इंटरव्ह्यूत मी नापास झाले’ म्हणून. मी नोकरी केली म्हणूनच हे झालं, हेही त्यात आलंच.

त्या आठवड्यात मी जरा वाचलं. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या एका वकिलाने बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना आपल्या पाच वर्षांच्या मुलाबद्दल पत्र पाठवलं, तब्बल ३३ पानी टाइप केलेलं! पोरगा एकटाच खूश असतो, वस्तू गरागरा फिरवत बसतो, सगळं बारकाईने. १९४३ मध्ये कॅनरनी ११ मुलांवरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातला पहिला मुलगा हाच, डोनाल्ड ट्रिपलेट. म्हणजे ऑटिझमची पहिली केस बरीचशी बापाच्या पत्रातून उभी राहिली. (डोनाल्ड पुढे बँकेत नोकरी करून, गोल्फ खेळून, जग फिरून २०२३ मध्ये गेला.) पण त्याच कॅनरना आई-बापांचा काटेकोरपणा, थंडपणा खटकला. मग ब्रुनो बेटेलहाइमने १९६७ च्या पुस्तकात सगळं खापर आयांवर फोडलं. वास्तविक बर्नार्ड रिमलंडने, जो स्वतः अशाच मुलाचा बाप होता, १९६४ मध्येच त्या सिद्धान्ताची हवा काढली होती. ज्यांची साक्ष घ्यायची त्यांनाच आरोपी करायचं, हा काय न्याय? आणि साठ वर्षांनी आमची ताई पार्किंगमध्ये तोच खटला स्वतःवर चालवत होती.

पुढच्या शनिवारी आई ठेवणीतली साडी नेसून आली. मॅडमनी विचारलं, ‘आजी, पाणी हवं असलं की काय करतो?’

‘माझं मनगट धरतो,’ आई म्हणाली. ‘फ्रीजपाशी नेतो आणि हात हँडलवर ठेवतो. पण माझ्याकडे बघत नाही. हाताकडे बघतो. जसा काही हात माझा नाहीच.’

हा प्रकार आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. ‘काय हुशार आहे, आजीला कामाला लावतो!’ म्हणून हसलोही होतो.

गणपतीत? आरती सुरू झाली की कानांवर हात ठेवून मोरीत जाऊन बसायचा. दुपारी? डब्यांची झाकणं फिरवतो, एकेक तास. आई सांगत गेली, न थांबता, चाळीस मिनिटं. मॅडम भराभर लिहीत होत्या. ताई आईकडे बघत राहिली होती.

‘आई, तुला हे वर्षभर दिसत होतं?’

‘दिसत होतं गं. तू दमून यायचीस. आल्या आल्या काय सांगायचं?’

त्यावर कुणी काही बोललं नाही. जिजूंनी भाचेबुवांना उचलून घेतलं.

नंतर मॅडमनी त्याला दोनदा खेळवून पाहिलं, प्लेग्रुपच्या टीचरशी बोलल्या, आणि मग सांगितलं. हो, ऑटिझम आहे. चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह गेलं. ताईने ‘मी घरी असते तर?’ विचारलंच. मॅडम म्हणाल्या, ‘तरी असताच. कदाचित तुम्ही लवकर आला असतात, एवढंच.’ ते ‘एवढंच’ ताईला अजून टोचतं, हेही खरं.

स्पीच थेरपी सुरू झाली ती फ्रीजपासूनच. आईने मनगट सैल सोडायचं, घाई करायची नाही, त्याने वर बघेपर्यंत थांबायचं. ताईने शीटमधले रंग काढून टाकलेत. आता तिथे नुसत्या नोंदी असतात, आईने दुपारी फोनवर सांगितलेल्या, ताईने ऑफिसात बसून टाइप केलेल्या. परवा तिने मला एक पाठवली. ‘मंगळवार, १.२०. कुकरची शिट्टी. कानांवर हात. मोरीत गेला नाही. आजीकडे बघितलं.’