‘पहिला’ या शब्दाचे मोल

रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा रांगडा खेळ. त्यातला ‘फॉरवर्ड’ म्हणजे अंगावर घाव घेत वाट काढणारा गडी. त्या वाटेने मागचे धावतात. ऑस्ट्रेलियातील रोमा गावी 1945 साली जन्मलेला आदिवासी आर्थर बीटसन असाच गडी होता. 1966 मध्ये तो देशाकडून खेळला. पण आदिवासींना लोकसंख्येत न धरण्याचे घटनेतील कलम रद्द झाले ते 1967 च्या सार्वमताने! 1973 मध्ये तो कप्तान झाला. मोठ्या खेळात देशाचे नेतृत्व करणारा तो पहिला आदिवासी. 1980 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्याने आपल्या क्वीन्सलँड प्रांतालाही विजय मिळवून दिला. 2011 मध्ये तो वारला.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. गावात सत्कार झाला तेव्हा माझी छाती फुगली होती. आज वाटते, ‘पहिला’ हा शब्द त्या माणसाचा गौरव खराच. पण तोवर दार बंद ठेवणाऱ्यांवरचा तो ठपकाही आहे. माझी ताई माझ्याहून हुशार. सातवीतच तिचे दप्तर सुटले. तिचा सत्कार कोण करणार?

फॉरवर्डने वाट काढायची ती मागच्यांसाठी. आमच्या घरातून दुसरे कोण येते, त्यावरच माझ्या पहिलेपणाचा हिशेब व्हावा.