कराचें ओझें आणि खांद्याचें बळ

कर म्हणजे सरकारनें प्रजेच्या खिशांत घातलेला हात, ही समजूत आमच्या समाजांत इतकी मुरलेली आहे कीं, करासंबंधीं विचार करण्याऐवजीं त्याविषयीं कुरकुर करून थांबण्याचीच आम्हांस संवय जडली आहे. परकी अंमलांत ही संवय क्षम्य होती. ज्या सरकारच्या जमाखर्चावर लोकांचा ताबा नव्हता, त्यास द्यावा लागणारा पैसा एक प्रकारचा दंडच होता. परंतु आज कर बसविण्याचा अधिकार लोकांनींच निवडून दिलेल्या मंडळांकडे आहे. कायद्याच्या आधारावांचून एक पैही वसूल करतां येऊं नये, असें आमच्या राज्यघटनेच्या २६५ व्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे. अशा राज्यांत कर कोणत्या तत्त्वावर घेतला जातो हें समजून न घेणें म्हणजे आपला हक्क आपण होऊन सोडून देणेंच होय.

ॲडम स्मिथ यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत चांगल्या कराच्या चार कसोट्या सांगितल्या. कर देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानानें असावा; किती, केव्हां व कसा द्यावयाचा हें आधीं निश्चित असावें; देणाऱ्याच्या सोईच्या वेळीं तो घेतला जावा; आणि वसुलीच्या खर्चांत तो गडप न होतां खजिन्यांत पोंचावा. स्वतः स्मिथचा ओढा निश्चिततेकडे अधिक होता. थोडीशी अनिश्चितता ही पुष्कळशा विषमतेपेक्षां वाईट, असें त्याचें मत होतें. आणि अंमलदाराच्या लहरीवर पट्टी बसण्याचा तो काळ पाहतां तें चुकीचें म्हणवत नाहीं. परंतु आमच्या मतें आज ऐपतीची कसोटी हीच मुख्य. अन्यायाचा कर ठरल्या तारखेस व अल्प खर्चांत वसूल झाला, म्हणून तो न्यायाचा ठरत नाहीं.

करांचे मुख्य वर्ग दोन. प्राप्तीवरील कर, जमिनीचा सारा, घरपट्टी हे प्रत्यक्ष कर. ज्याच्यावर बसतात, बहुधा त्याच्याच पदरचे जातात. सीमाशुल्क, अबकारी, वस्तु व सेवा कर हे अप्रत्यक्ष. ते व्यापारी भरतो व गिऱ्हाईक सोसतें. अप्रत्यक्ष कर किंमतींत मिसळून जात असल्यामुळें देणाऱ्यास टोंचत नाहीं, आणि म्हणूनच तो प्रत्येक सरकारचा आवडता असतो. त्याचा दोष मिठाच्या करानें आमच्या देशास जितका उघड करून दाखविला, तितका दुसऱ्या कशानेंही दाखविला नसेल. १८८८ सालीं हा कर मणीं अडीच रुपये झाला. श्रीमंत मनुष्य गरिबाच्या दसपट मीठ खात नाहीं. किंबहुना घाम गाळणाऱ्या मजुरासच मिठाची गरज अधिक. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ सालीं अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्याच भाषणांत या कराचा समाचार घेतला. १९०३ पासून तो पायरीपायरीनें उतरत १९०७ सालीं मणीं एक रुपयावर आला. पण १९२३ सालीं कायदेमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयनें तो पुनः अडीच रुपये केला. पुढें १९३० सालीं दांडी येथें व आमच्या कोंकणांत शिरोडें येथें लोकांनीं त्याविरुद्ध कायदेभंग केला, आणि अखेर १९४७ सालीं तो उठला.

मिठाचा कर गेला. त्यामागील प्रश्न गेला नाहीं. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तु व सेवा कर आला व त्याच दिवसापासून मुंबईच्या वेशीवरील जकातनाके बंद पडले. नाक्यावर तासन् तास खोळंबणाऱ्या गाड्या व तेथील चिरीमिरी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ही सुधारणा लहान वाटणार नाहीं. परंतु याच करांत स्त्रियांच्या मासिक धर्माच्या वेळच्या पट्ट्यांवर आरंभीं शेंकडा १२ आकारणी होती, व ती उठविण्यास २०१८ चा जुलै महिना उजाडावा लागला. दर ठरविणारांच्या मंडळांत स्त्रिया अधिक असत्या, तर एवढा वेळ लागता काय? २०२२ च्या जुलैंत वेष्टनबंद पीठ व तांदूळ यांवर शेंकडा ५ कर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मुख्य दर ५ व १८ असे दोनच राहिले आणि शाळकरी मुलांच्या वह्या करमुक्त झाल्या, हें आम्ही आनंदानें नमूद करतों.

प्रत्यक्ष कर असला म्हणजे तो न्याय्य असतो, असेंही कोणीं समजूं नये. १९२७ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलतांना डॉ. आंबेडकर यांनीं हेंच दाखवून दिलें. प्राप्तीवरील कर विशिष्ट उत्पन्नाखालीं मुळींच लागत नाहीं. सारा मात्र शेतकऱ्याचें उत्पन्न कितीही तुटपुंजें असलें तरी द्यावाच लागतो, हा भेद त्यांनीं कौन्सिलापुढें मांडला. तोच प्रकार आज महाराष्ट्रांत दुसऱ्या एका कराच्या बाबतींत चालू आहे, व आजच्या लेखाचें खरें प्रयोजन तेंच आहे.

हा कर म्हणजे व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळानंतर, वि. स. पागे यांच्या पुरस्कारानें उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठीं, १९७५ सालीं तो बसविण्यांत आला. पगारदारानें खेड्यांतील बेकार मजुराच्या कामासाठीं कांहीं द्यावें, हा हेतु इतका उदात्त होता कीं, त्यावर टीका करतांना लेखणी अडखळते. परंतु हेतु चांगला म्हणून आकारणीचा दोष झांकत नाहीं. दरमहा दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषास महिना २०० रुपये व फेब्रुवारींत ३००, म्हणजे वर्षास २५०० रुपये द्यावे लागतात. दहा हजार एक रुपया मिळविणाऱ्या पहारेकऱ्याच्या पगारांतून हा कर शेंकडा दोनांहून अधिक नेतो. लाख रुपये मिळविणाऱ्याच्या पगारांतून शेंकडा पावापेक्षांही कमी. आणि दहा लाख मिळविणाऱ्यास तो हिशेबांत दिसतही नाहीं. नव्या पद्धतीनें आकारणी पत्करणाऱ्याचें पगारासारखें नेहमींचें उत्पन्न १२ लाखांपर्यंत असल्यास त्यास प्राप्तिकर द्यावा लागूं नये, असें केंद्र सरकारनें २०२५ च्या अंदाजपत्रकांत ठरविलें. ज्यास केंद्र सरकार कर देण्याइतका समर्थ मानीत नाहीं, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या उत्पन्नावर राज्य सरकार आपला पुरा कर घेतें! निश्चितता, सोय व काटकसर या तिन्ही कसोट्यांस हा कर उतरतो, कारण मालक तो पगारांतूनच कापतो. पडतो तो नेमका पहिल्या कसोटीस.

यावर सरकारचें उत्तर असें येईल कीं, राज्याचे हात बांधलेले आहेत. घटनेच्या २७६ व्या कलमानें या करास वर्षास २५० रुपयांची मर्यादा घातली होती; १९८८ सालीं ती २५०० झाली व तेथेंच थांबली. चौदाव्या वित्त आयोगानें ती १२,००० पर्यंत न्यावी अशी शिफारस केली, पण संसदेनें ती मनावर घेतली नाहीं. हें खरें असलें तरी अर्धेंच खरें आहे. वरची मर्यादा संसदेच्या हातीं. खालची मर्यादा मात्र सर्वस्वीं मुंबईच्या विधिमंडळाच्या हातीं आहे. २०२३ सालीं याच विधिमंडळानें स्त्रियांस पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर सूट दिली, ती घटनादुरुस्तीवांचूनच दिली. मग तीच सूट पुरुष मजुरास कां नसावी? खजिन्यास जी तूट येईल ती भरून काढण्यास मोठ्या पगारांवर चढता दर हवा, व त्यासाठीं महाराष्ट्रांतील खासदारांनीं, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, २७६ व्या कलमाच्या दुरुस्तीचा प्रश्न दिल्लींत लावून धरावा. खालची सूट मात्र त्या दुरुस्तीची वाट पाहत अडवून ठेवण्याचें कारण नाहीं. त्यास कायद्याच्या परिशिष्टांतील दोन आंकडे बदलले कीं पुरे, आणि तें काम येत्या अधिवेशनांत एका दिवसांत होण्यासारखें आहे.