इस्तंबूलच्या भिशीतून विजापूर

गेल्या वेळी आपण मुलांच्या परीक्षेविषयी बोललो. या महिन्यात थोडे बाहेर फिरून येऊ.

चार वर्षे आम्ही चौघी मैत्रिणींनी इस्तंबूलसाठी पैसे साठवले. महिन्याला माणशी दोन हजार. नाव भिशीचे, पण मध्येच कुणी उचलायचे नाही, असा नियम. चौघींपैकी तिघी बी.एड.च्या वर्गात एकाच बाकावर बसलेल्या: एक बदलापूरची, गणित शिकवणारी; एक उल्हासनगरची, सिंधी, चित्रकलेची शिक्षिका; आणि अंबरनाथच्या आम्ही. चौथ्या आपा. सरावपाठाला ज्यांच्या वर्गावर आम्हाला पाठवले होते, त्या या उर्दूच्या आपा. त्या वेळी त्यांनी आमच्या पाठाच्या वहीत लाल रेघा मारल्या, त्या अजून मारतात.

शनिवार-रविवारला लागून दोन सुट्ट्या आल्या की निघायचे, आया सोफिया पाहायचे, सुलेमानियाच्या अंगणात बसायचे, असे ठरले होते. हिशेबाची वही बदलापूरच्या मैत्रिणीकडे. पासपोर्ट झाले, तिकिटांचे भाव पाहणे सुरू झाले, आणि एका संध्याकाळी ती अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या चहाच्या दुकानात वही घेऊनच आली.

"माझा हिशेब करून टाका," ती म्हणाली. "तुम्ही तिघी जा."

तिच्या मियांचा कारखाना चार महिन्यांपूर्वी बंद पडला होता. मुलीची कॉलेजची फी भरायची होती. चार महिने तिने आम्हाला कळू दिले नव्हते आणि हप्ता एकदाही चुकवला नव्हता.

आमच्या मनात पहिल्यांदा काय आले, ते वाचकांपासून लपवत नाही. तिचे पैसे देऊन टाकावेत आणि तिघींची तिकिटे काढावीत, असेच आले. चार वर्षे वाट पाहिली होती. ती स्वतःच जा म्हणत होती. तोंडाने आम्ही "बघू" म्हणालो, पण "बघू"चा अर्थ तिलाही कळला असणार.

वाट दाखवली सातवीच्या एका मुलीने. इतिहासाच्या तासाला आदिलशाहीचा उल्लेख आला. फळ्यावर विजापूर लिहिले, तशी ती उठून म्हणाली, "टीचर, तुम्ही बघितलंय विजापूर?" इतकी वर्षे शिकवतो आहोत, आणि उत्तर होते, नाही. संध्याकाळी आपांना फोन केला. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "घुमटच पाहायचाय ना? मग जिथं चौघींना जाता येईल तिथला पाहू. इस्तंबूल कुठं पळून जात नाही."

आता घरातल्या मोठ्यांचा रास्त प्रश्न: सोबत कोण? तर आपांचे शौहर, ज्यांना आम्ही सगळ्या भाईजान म्हणतो, ते सोबत आले. त्यांनी दोन दिवस आमच्या पिशव्या सांभाळल्या आणि मिळेल त्या सावलीत बसून एकच वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचले.

शनिवारची किरकोळ रजा टाकून शुक्रवारी रात्री कल्याणहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली. ही गाडी आमच्या गावांत थांबत नाही. म्हणून आधी लोकलने उलटे कल्याणला जायचे, आणि मग गाडीत बसून आपलीच स्टेशने मागे पडताना पाहायची. उल्हासनगर गेले, अंबरनाथ गेले. बदलापूर आले तेव्हा मैत्रीण खिडकीला नाक लावून बसली होती. फलाटावर दिवे होते, माणूस नव्हता. "घरात आता सगळे झोपले असतील," एवढेच ती म्हणाली.

सकाळी सोलापूर. तिथून एस.टी.ने साधारण शंभर किलोमीटर. सीमा ओलांडली की पाट्यांची लिपी बदलते, पण दुकानदार मराठीत भाव सांगतात. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यातच होता. शहराचे अधिकृत नाव आता विजयपुरा झाले आहे, पण आमच्या तोंडी विजापूरच आहे.

पहिला मुक्काम जामा मशीद. पहिल्या अली आदिलशहाने तालिकोटच्या लढाईनंतर हिचे काम काढले. पुढच्या दोन मिनारांची जागा आजही रिकामी आहे, ते कधी बांधलेच गेले नाहीत. फरशीवर एकेका नमाजीपुरते चौकोन आखलेले आहेत. औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर ते आखून घेतले, एकूण २२५०. गणिताच्या मैत्रिणीने एक रांग मोजली, दुसरी मोजली आणि मग पहिल्यांदा हसली. वर्गात मुलांना गुणाकार का शिकवायचा, याचे उत्तर सापडले म्हणाली.

तिथून शेरझा बुरुजावर. इथे मुलूख-ए-मैदान तोफ आहे. वजन सुमारे पंचावन्न टन. तोंड सिंहाचे, आणि सिंहाच्या जबड्यात हत्ती. ही तोफ विजापूरची नव्हेच. १५४९ मध्ये ती अहमदनगरला ओतली गेली, आणि ओतणारा कारागीर होता रूमी, म्हणजे तुर्क. पुढे लढायांच्या धामधुमीत ती इथे आली. उल्हासनगरची मैत्रीण म्हणाली, "बघा, आपण तुर्कांकडे निघालो होतो, आणि तुर्क पावणेपाचशे वर्षांपूर्वीच आपल्या नगरला येऊन काम करून गेला."

आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा उस्मानी घराण्यातला, जीव वाचवून आलेला शहजादा होता, असे फरिश्ता लिहितो. फरिश्ता विजापूरच्याच दरबारातला इतिहासकार. सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. पण त्या घराण्याला इस्तंबूलशी नाते सांगावेसे वाटत होते, एवढे तर यातून कळतेच. आमचीही गत तीच होती.

दुपारी ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगांची चटणी खाल्ली, आणि उन्हे कलल्यावर इब्राहीम रौजा गाठला. एका चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती: इकडे मकबरा, तिकडे मशीद, मध्ये हौद. दुसरा इब्राहीम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) इथे विसावला आहे. तो दखनीत लिहिणारा सुलतान. संगीतावरचे त्याचे 'किताब-ए-नौरस' याच बोलीतले, आणि त्याच्या आरंभी पैगंबरांबरोबर सरस्वतीचेही स्मरण आहे. बांधणारा मलिक संदल. बांधण्याचा हुकूम सुलतानाची बेगम ताज सुलताना हिने दिला, असे तिथलाच शिलालेख सांगतो. हे ऐकून भाईजाननी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि इमारतीकडे नीट पाहिले.

इथल्या खिडक्यांच्या जाळ्या नक्षीच्या नाहीत, अक्षरांच्या आहेत. दगड कोरून कुरआनच्या आयती ठेवल्या आहेत आणि मधल्या फटींतून उजेड आत येतो. आपा बोट न लावता, हवेतच बोट फिरवून वाचू लागल्या. सिंधी मैत्रीण शेजारी येऊन उभी राहिली.

"हे कोणतं अक्षर?"

"नून. आणि हे मीम."

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "माझ्या नानीची पत्रं घरात आहेत. याच लिपीतली सिंधी. ट्रंकेत पडून आहेत. आई वारल्यापासून घरात कुणालाच वाचता येत नाहीत."

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवले गेले. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. हे आम्ही भूगोलाच्या तासाला सांगतो. पण तीस वर्षांच्या मैत्रीत त्या ट्रंकेचे नाव कधी निघाले नव्हते. तिच्या नानीचे शिकारपूर आज परदेश आहे, आणि व्हिसा काढून सहलीला जाता येईल असा तो परदेश नाही.

"घेऊन ये," आपा म्हणाल्या. "सिंधीत काही अक्षरं जास्तीची असतात. पण अडत अडत वाचू."

रविवारी पहाटे फजर पढून गोल घुमट गाठला. दार सकाळी सहाला उघडते. शाळांच्या सहली यायच्या आत जावे, हा सल्ला अगदी योग्य. नंतर आत नुसता गलका असतो.

हा मुहम्मद आदिलशहाचा मकबरा. १६५६ साली तो वारला, तोवर काम इथवर आले होते. आत सुमारे सतराशे चौरस मीटरचे एकच दालन आहे, आणि मध्ये एकही खांब नाही. वर आतून सुमारे अडतीस मीटर रुंदीचा घुमट. इस्तंबूलच्या आया सोफियाचा घुमट सुमारे एकतीस मीटरचा, आणि सिनानने बांधलेल्या सुलेमानियाचा सत्तावीसच्या आत. आया सोफिया हजार वर्षांनी जुनी, ५३७ सालची, तेव्हा ही काही स्पर्धा नव्हे. पण जे पाहायला आम्ही समुद्रापार निघालो होतो, त्याहून मोठे छत एका रात्रीच्या अंतरावर उभे होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

बदलापूरची मैत्रीण मधोमध उभी राहून मान वर करून पाहत होती. कल्याणपासून ती मोजकेच बोलली होती. अचानक तिने पर्समधून पेन काढले आणि बसच्या तिकिटामागे आकृती काढली.

"चौकोनी खोलीवर गोल झाकण ठेवायचंय. कोपऱ्यांत ते टेकणार नाही. मग काय करायचं? एक चौकोन काढा. तेवढाच दुसरा त्याच्यावर तिरपा ठेवा. आठ टोकांची चांदणी झाली ना? मध्ये अष्टकोन मिळाला. त्यावर गोल सहज बसतो. आता वर बघा. भिंतींपासून आठ कमानी निघून एकमेकींना कापतात, ती हीच चांदणी."

आम्ही वर पाहिले. चांदणी होती. एकदा दिसल्यावर दुसरे काही दिसेना.

"आणि घुमटाचा भार बाहेर ढकलतो," ती पुढे बोलत राहिली, "तर या आत झुकलेल्या कमानींचं वजन त्याला आत ओढून धरतं. म्हणून तो उभा आहे." शेजारी उभे असलेले दोन कॉलेजचे मुलगेही ऐकत होते. तिला ते दिसलेच नाहीत. चार महिन्यांत आमची मैत्रीण आम्हाला परत भेटली, ती तिथे.

कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याच्या शंभराहून जास्त पायऱ्या चढून आम्ही घुमटाच्या पोटातल्या सज्जात पोहोचलो. इथे भिंतीशी कुजबुजले की समोरच्या भिंतीशी कान लावणाऱ्याला ऐकू येते. बदलापूरची पलीकडे गेली. आम्ही तिघी अलीकडे भिंतीला कान लावून उभ्या. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग अगदी कानाशी बोलल्यासारखे:

"हप्ता पुढच्या महिन्यापासून भरते हं."

आमच्यापैकी कुणाला काही सुचेना. आपांनी भिंतीकडे तोंड केले. "हप्ता राहू दे. आणि हळू बोल बेटा, सगळं विजापूर ऐकतंय."

त्यांचे वाक्य घुमटात पुन्हा पुन्हा फिरले. पलीकडे ती हसत होती की रडत होती, एवढ्या अंतरावरून दिसले नाही. हसण्याचा आवाज मात्र आला.

खाली उतरलो तेव्हा चौथऱ्यावरच्या कबरी पाहिल्या. एवढ्या छताखाली त्या अगदी लहान दिसतात, आणि त्याही नुसत्या खुणा. खरी कबर खाली तळघरात आहे. निघताना बारा कमान पाहिली, दुसऱ्या अली आदिलशहाचा अपुरा मकबरा. १६७२ मध्ये तो गेला आणि कमानी तशाच राहिल्या, छत आलेच नाही. चौदा वर्षांनी, १६८६ मध्ये, राज्यही संपले. आम्ही तिथे फातिहा पढलो. सिंधी मैत्रिणीने त्या उघड्या कमानींचे चित्र काढले. आम्हाला तिच्या वहीतले तेच सगळ्यात आवडते.

परतीच्या गाडीने पहाटे बदलापूर ओलांडले, अंबरनाथ ओलांडले आणि आम्हाला कल्याणला उतरवले. माणशी खर्च चार हजारांच्या आत. सोमवारी शाळेत सातवीच्या त्या मुलीला बोलावून बसच्या तिकिटामागची चांदणी दाखवली. तिने ती कंपासने वहीत काढली, आमच्यापेक्षा नीट.

दुसऱ्या रविवारी आम्ही चौघी मुलांना घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिराकडे गेलो. वालधुनीच्या काठावरचे हे देऊळ शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा लेख त्यावर आहे. आम्ही अंबरनाथच्या असून बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम थांबून कधी पाहिले नव्हते. मुलांनी दगडातले कोन मोजले, चित्रकलेच्या बाईंनी त्यांना सावल्या दाखवल्या. गोल घुमटाच्या सहाशे वर्षे आधी आमच्याच गावात कुणीतरी दगडावर दगड इतका विचार करून ठेवला होता.

बहिणींनो, विजापूरला जायचे तर थंडीत जा, गोल घुमटाला सकाळी सहाला पोहोचा, आणि गडबड करणाऱ्या मुलांना सज्जात आधी कान लावायला शिकवा, मग ओरडायला. दूरचा देश पाहण्याची इच्छा वाईट नाही. आमची अजून आहे. पण ज्या सहलीसाठी एका मैत्रिणीला मागे ठेवावे लागते, तिचे तिकीट आम्हाला आता महाग वाटते.

भिशी पुन्हा सुरू केली आहे. या वेळी माणशी पाचशे. वही बदलापूरलाच आहे. पहिला हप्ता तिनेच भरला, आणि आपांनी आता नाही म्हटले नाही. नानीची तीन पत्रे वाचून झाली आहेत. इस्तंबूल, इन्शाअल्लाह, चौघींचे मिळून.