जुन्या जीपची तहान

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील गावांतून हिंडताना एक दृश्य आमच्या वाचकांच्या नजरेस अवश्य पडले असेल. घराच्या बाजूस, झापांच्या मांडवाखाली किंवा पत्र्याच्या आडोशाला, एखादी जुनी जीप उभी असते. कधी ती विलीजच्या घराण्यातील असते, कधी महिंद्रची एमएम ५४०, तर कधी मारुतीची जिप्सी. कोणी ती खाणीवरील देखरेखीसाठी घेतलेली असते, तर कोणी कुळागरातील नारळ-सुपारी आणण्यासाठी. पिढी बदलली, काम सरले, पण गाडी राहिली. आता घरातील तरुण मंडळी तिला मोठे टायर, लोखंडी बंपर, छपरावरील कॅरियर असा साज चढवितात आणि वडीलधारी मंडळी पेट्रोल पंपावरील पावती पाहून कपाळाला हात लावतात. ‘गाडी ठेवावी की विकावी?’ हा प्रश्न अशा घरांत वर्षातून एकदा तरी निघतोच. या महिन्यात त्या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या इंधनाच्या हिशेबाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, काटकसर हा जीपचा जन्मजात गुण नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ती घडविली गेली. सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, तीन गिअर आणि चौकोनी उघडा देह घेऊन ती आली. चिखलातून निघणे हे तिचे काम होते, लिटरमागे किती किलोमीटर जाते हे विचारणारा तेथे कोणी नव्हता. पुढे १९७३ आणि १९७९ साली जगात तेलाचे भाव भडकले, तेव्हा आपल्या देशात अनेकांनी जीपमधील पेट्रोल इंजिन उतरवून तेथे डिझेल इंजिन बसविले. महिंद्रनेही प्यूजोच्या बनावटीचे डिझेल इंजिन स्वीकारले. म्हणजे जीपमध्ये ‘बदल’ करण्याची जी प्रथा आपल्याकडे रुजली, तिच्या मुळाशी बचतीचा हेतू होता. आज होणारे बहुतेक बदल मात्र त्याच्या नेमके उलट दिशेचे आहेत. गाडी जुनी झाली म्हणून ती अधिक पिते, असे आपण सहज म्हणतो. परंतु तिच्या तहानेचा मोठा वाटा वयाचा नसून आपण तिच्या अंगावर काय चढविले आणि तिच्याकडे किती लक्ष दिले, याचा असतो.

हे पडताळून पाहावयाचे तर आधी मोजमाप खरे हवे. टाकी काठोकाठ भरावी, नेहमीप्रमाणे गाडी चालवावी, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरावी आणि दुसऱ्या वेळी लागलेल्या लिटरांनी कापलेल्या अंतरास भागावे. एका वेळच्या आकड्यावर विसंबू नये. तीन वेळांची सरासरी घ्यावी. येथे मोठ्या टायरांच्या गाडीत एक फसगत दडलेली असते. जीपचा मूळ टायर सुमारे २८ इंच उंचीचा. त्याच्या जागी ३१ इंचांचा बसविला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी एक दशांशाहून थोडे अधिक अंतर कापते. मीटर मात्र जुन्याच हिशेबाने चालतो. समजा, मीटरवर २२५ किलोमीटर दिसले आणि ३० लिटर लागले. मालक म्हणेल, साडेसातच पडले. प्रत्यक्षात गाडी सुमारे २४९ किलोमीटर धावली आहे आणि खरा आकडा ८.३ आहे. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी मीटर एकदा ताडून पाहिला की हा घोळ मिटतो.

मात्र एवढ्यावरून मोठे टायर निर्दोष ठरतात असे कोणी समजू नये. जड चाक फिरविण्यास अधिक जोर लागतो. त्याची खोल नक्षी डांबरावर घसटते. शिवाय चाक मोठे झाले की गिअर जणू उंच होतात आणि साठ-सत्तर अश्वशक्तीचे जुने इंजिन चढणीला धापा टाकू लागते. मग चालक वरचेवर खालच्या गिअरवर येतो आणि पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरतो. त्यात लोखंडी बंपर, विंच आणि कॅरियर यांचे वजन भर घालते. साखळी किंवा दोडामार्गच्या चढउतारांवर ते वजन प्रत्येक चढणीला पुन्हा उचलावे लागते.

वेगाचा हिशेब तर याहून कठोर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरला जेवढा असतो, त्याच्या पावणेदोन पटींहून अधिक तो ८० ला होतो. जीपसारख्या सपाट तोंडाच्या गाडीला हा विरोध अधिकच जाणवतो. पेडण्यातून जाणारा महामार्ग आता रुंद झाला आहे. मोपाच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडू लागल्यापासून तेथील रहदारीची घाईही वाढली आहे. त्या घाईत सामील होण्यासाठी ही गाडी घडलेली नाही. ताशी ५० ते ६० ही तिची सुखाची चाल होय आणि त्या चालीत होणाऱ्या बचतीला एक पैही खर्च लागत नाही.

आता निगराणीकडे वळू. डिचोली तालुक्यात खाणींच्या वाटांवर उडणारी तांबडी धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एअर फिल्टरचे महत्त्व सांगावयास नको. तो तुंबला की इंजिनाला हवा कमी पडते, डिझेल पुरते जळत नाही आणि मागे काळा धूर निघतो. काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले, पण कामी न आलेले डिझेल. ‘ओढ वाढावी’ म्हणून डिझेल पंपाची जुळणी मुद्दाम वाढवून घेणाऱ्यांच्या गाडीतही हाच धूर दिसतो. पावसाळ्यातील चिखलाने ब्रेक अडकून चाकाला घासत राहणे, हे दुसरे दुखणे. थोडे अंतर ब्रेक न लावता चालवून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ सावधपणे हात न्यावा. एखादे अधिक तापलेले वाटले तर दुखणे तेथेच आहे. तिसरी गोष्ट, चिखलासाठी चारही चाकांना जोडलेली शक्ती डांबरी रस्त्यावर येताच सोडावी. पुढच्या चाकांचे हब मोकळे करण्याची सोय असेल तर तेही करावे. चौथी, मऊ जमिनीसाठी कमी केलेली टायरांतील हवा परतताना पुन्हा भरावी.

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीप आणि जिप्सी यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमधील उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. त्यामुळे लिटरमागील अंतर सहा-सात टक्क्यांनी घटले तर तो मेकॅनिकचा दोष नव्हे. मात्र जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट इथेनॉलने खराब होऊ शकतात. त्या वेळच्या वेळी बदलाव्यात, कारण येथे प्रश्न केवळ इंधनाचा नसून आगीचाही आहे.

एवढा खटाटोप करून मिळणार काय, असे कोणी विचारील. लिटरला ८ किलोमीटर देणारी जीप १० देऊ लागली, तर दर १०० किलोमीटरमागे अडीच लिटर वाचतात. उलट, १४ देणारी नवी मोटार १६ देऊ लागली, तर त्याच अंतरात एक लिटरही वाचत नाही. दोन्हीकडे वाढ दोनचीच. पण जी गाडी अधिक पिते, तिच्याच सुधारणेत अधिक लाभ आहे. वर्षाला ६००० किलोमीटर चालणाऱ्या जीपमागे ही बचत १५० लिटरांची होते. लिटरचा भाव ९० रुपये धरला तर १३,५०० रुपयांची. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीतील किती घरांचे उत्पन्न आटले हे आमचे वाचक जाणतात. अशा घरांत एवढी रक्कम क्षुल्लक मानता येणार नाही.

तरुण मंडळींनी कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच स्पष्ट केले आहे. इंजिन बदलावयाचे तर वाहतूक खात्याच्या अनुमतीवाचून आणि नोंदीवाचून ते करू नये. मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर, जेथे सागरी कासवे अंडी घालण्यास येतात, तेथे गाडी नेण्याचा मोह तर सर्वस्वी टाळावा.

मग गाडी ठेवावी की विकावी? आमचे मत असे आहे की, तीन वेळा टाकी भरून खरा आकडा काढल्यावाचून हा निर्णय कोणत्याही घराने घेऊ नये. तो आकडा वहीत लिहावा, वर सांगितलेली दुरुस्ती करावी, शक्य असल्यास मूळ मापाचे टायर परत चढवावेत आणि पुन्हा मोजावे. त्यानंतरही खर्च डोईजड वाटला तर जीपचे काम मर्यादित करावे. बाजारहाटासाठी स्कूटर आहे, पणजीला जाण्यासाठी कदंबची बस आहे. चिखलाची वाट, कुळागराची चढण, पावसातील अडलेला रस्ता, अशा ठिकाणी मात्र जीपला तोड नाही. तेथे खालच्या गिअरमध्ये इंजिन सुमारे अडीच पट अधिक फिरते, म्हणून इंधन अधिक जाणारच. पण ते कामासाठी गेलेले इंधन असते.

वडिलांनी कष्टाच्या पैशातून घेतलेली वस्तू जपावी, ही भावना आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. ज्या घरांत पितापुत्रांमध्ये या जीपवरून वाद होतात, तेथे ही मोजणी दोघांनी मिळून करावी. वही मुलाने लिहावी आणि आकडा वडिलांनी तपासावा. वहीतील आकडा काय येतो हे पाहिल्यावर विकण्याचा निर्णय झाला तरी तो कोणाच्या मनाला लागणार नाही, आणि ठेवण्याचा झाला तर महिन्याच्या खर्चात जीपचा रकाना सर्वांच्या संमतीने मांडता येईल.