दत्तक मुलाला खरं कोणी सांगायचं?

‘माझे कुटुंब’ हा विषय आपण दरवर्षी शिकवतो. लहानपणीचा फोटो आणा, तू कोणासारखा दिसतोस ते सांग, असं सहज बोलून जातो. वर्गात एखादं दत्तक मूल असेल तर त्याने काय सांगायचं?

आपल्या विसरवाडीत कोणी कोणाचं मूल मांडीवर घेतलं, हे हायवेवरच्या चहाच्या टपरीलाही माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त त्या पोराला! मग एक दिवस भांडणात कोणीतरी बोलून टाकतं. दत्तक असण्यापेक्षा घरच्यांनी लपवलं, हेच मुलाला जास्त लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की आईवडिलांनीच, मूल लहान असताना, गोष्टीसारखं सांगावं. शाळेने मात्र तोंड सांभाळावं. प्रवेशाच्या कागदांत दिसलं तरी स्टाफरूममध्ये चर्चा नको.

१९७३ साली पुण्यात जन्मलेले आणि जर्मनीत दत्तक गेलेले अरुण डोहले आपल्या जन्माच्या नोंदींसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. आज २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार १८ वर्षांनंतर स्वतः, त्याआधी आईवडिलांसोबत, मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. जन्मदात्यांची गोपनीयता मात्र जपावी लागते. आणि हो, अशी ओढ वाटणं म्हणजे वाढवणाऱ्या आईशी बेइमानी नव्हे.

यंदा हा विषय शिकवताना ‘तुझी काळजी कोण घेतं?’ असं विचारून बघा. लहानपणीचा फोटो नसला तरी चालेल, हेही आधीच सांगा.