विश्लेषण : अंत्यविधींचे संग्रहालय कशासाठी?

कोडोली (जि. कोल्हापूर) : तिरडी बांधण्यापासून रक्षाविसर्जनापर्यंतच्या रीती पूर्वापार चालत आल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या काळानुसार बदलत आल्या. हा बदल दाखवणारी संग्रहालये परदेशात आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातही त्यासाठी लागणारा ऐवज कमी नाही.

परदेशात काय आहे?

व्हिएन्नात १९६७ पासून, तर अमेरिकेतील ह्युस्टन आणि जर्मनीतील कासेल येथे १९९२ पासून अशी संग्रहालये आहेत. व्हिएन्नात तळ उघडणारी शवपेटी पाहायला मिळते. लाकूड वाचावे म्हणून सम्राट दुसऱ्या जोसेफने तीच पेटी पुन्हा पुन्हा वापरण्याचा आदेश काढला होता. लोक भडकले आणि आदेश मागे घ्यावा लागला.

कोल्हापूरकडे काय आहे?

वीरगळांच्या खालच्या चौकटीत लढाईतले मरण, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा दिसते. बांगड्या भरलेला, कोपरात दुमडलेला हात ही सतीशिळेची खूण. अनेक गावांत या शिळा देवळामागे पडून आहेत किंवा शेंदराखाली झाकल्या गेल्या आहेत.

जिल्ह्यात रीतीही अनेक आहेत. कुठे दहन, कुठे दफन. लिंगायतांमध्ये बसलेल्या स्थितीत समाधी दिली जाते.

छत्रपती राजाराम महाराजांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन झाले, तेव्हा ते अवघे २० वर्षांचे होते. दहन तिथे अपरिचित होते. तरीही परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर चिता पेटली. तिथे १८७४ मध्ये उभारलेल्या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा टाऊन हॉलही त्यांचाच. आज तिथे शहराचे वस्तुसंग्रहालय आहे.

आजच्या प्रश्नांशी संबंध काय?

पतीच्या निधनानंतर पत्नीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. पण ठराव झाला तरी ऐनवेळी ‘रीतच आहे’ म्हटले की घरातले गप्प बसतात. सतीसारखी रीतही एकदा थांबली, हे ठाऊक असेल तर त्या घरातल्या बाईच्या बाजूने बोलणाऱ्याला बळ मिळते.

सुरुवात कशी करता येईल?

त्यासाठी नवी इमारतच हवी असे नाही. टाऊन हॉलमध्ये एक दालन पुरेल. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील वीरगळांची नोंद करून शेजारी माहितीफलक लावावेत. शाळांनी ज्येष्ठांकडून रीतींची माहिती टिपून ठेवावी. त्यात जातवार वेगळ्या स्मशानभूमींचा इतिहासही यावा. तो वगळला, तर दालन केवळ जुन्या वस्तूंचे प्रदर्शन ठरेल.