पाय दुखत नाही, म्हणून निर्धास्त?

मधुमेही ज्येष्ठांचे ‘पाय मुळीच दुखत नाहीत’ हे वाक्य मला दिलाशाचे वाटत नाही; संवेदना हरपलेल्या तळव्याला रुतलेला खडाही कळत नाही. आपण घरीच एक परीक्षा करावी. त्यांना डोळे मिटावयास सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, गुदगुल्याही नकोत. (नातवंडांना हे विशेष सांगावे!) सहापैकी दोन वा अधिक स्पर्श जाणवले नाहीत, तर पाय जोखमीचा समजून डॉक्टरांकडून पायांतील नाडीही तपासून घ्यावी. पूर्वी पायाची जखम चिघळली असेल किंवा बोट काढावे लागले असेल, तर सहाही स्पर्श कळले तरी जोखीम मोठीच. असे पाय देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी नेऊ नयेत; मोजे देवालाही चालतात.